कॅव्हिअरची मत्स्यशेती: मासे मोजण्याआधी वर्षं मोजा

कॅव्हिअरचा प्रकल्प डोक्यात घेतलेल्या माणसाच्या वहीत पहिल्या पानावर बहुतेक वेळा एकच गुणाकार असतो. मादीचं वजन ७ किलो, त्याच्या १० टक्के गाभोळी म्हणजे ७०० ग्रॅम, गुणिले माद्यांची संख्या, गुणिले इंटरनेटवर दिसलेला भाव. उत्तर डोळे दिपवणारं येतं. गुणाकार चुकलेला नसतो, पण त्यात मेलेले मासे नसतात, नर नसतात, मधली सात-आठ वर्षं नसतात. आणि जो भाव धरलेला असतो तो ३० ग्रॅमच्या डबीचा, काचेच्या कपाटातला. मासे पाळणाऱ्याच्या हातात तो भाव सहसा पडत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

अशा प्रकल्पांचे हिशेब तपासायचं काम मी करतो. मत्स्यशास्त्र मला जेवढ्यास तेवढं कळतं, पण पैसा कुठे अडकतो आणि कुठे बुडतो हे पाहून पाहून माहीत झालंय. नव्याने या धंद्याचा विचार करणाऱ्याने कोणत्या क्रमाने पावलं टाकावीत, ते इथे लिहितो. टाक्या आणि पंपांची कोटेशनं शेवटी मागवायची. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

पायरी १: जात निवडताना परतफेडीची मुदत निवडता आहात

कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन आणि त्याच्या जवळच्या पॅडलफिश या माशांची, मीठ लावून टिकवलेली गाभोळी. कोडेक्स (अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) हिचं २०१० सालचं मानक तर पॅडलफिशही सोडून फक्त स्टर्जन कुळातल्या माशांपुरतं आहे. सामन, ट्राउट, लंपफिश यांची गाभोळीही चांगली विकली जाते, पण तो वेगळा धंदा आहे आणि त्याचं गणित पुष्कळ सोपं आहे. ज्यांना तीन-चार वर्षांच्या आत पैसे फिरवायचे आहेत त्यांनी तिकडेच वळावं, असं मी बऱ्याच जणांना सांगतो.

स्टर्जन मुळात सावकाश वाढणारा मासा. पाळलेल्या पाण्यात मादी पहिल्यांदा गाभोळीवर यायला लागणारा काळ ढोबळमानाने असा: स्टर्लेट ४ ते ५ वर्षं, सायबेरियन स्टर्जन ६ ते ८, रशियन स्टर्जन (ज्याचं कॅव्हिअर ओसेत्रा म्हणून विकलं जातं) ८ ते १०, अमेरिकेचा पांढरा स्टर्जन साधारण तितकाच किंवा थोडा जास्त, आणि बेलुगा १५ च्या पुढे. पाणी उबदार असेल तर एखाद-दोन वर्षं वाचतात, थंड असेल तर वाढतात. स्टर्लेट लवकर येतो खरा, पण मासा छोटा, दाणा बारीक आणि भाव कमी. चीनमध्ये आमूर नदीच्या कालुगा आणि आमूर स्टर्जन या दोन जातींचा संकर मोठ्या प्रमाणावर पाळतात. दाणा मोठा, थांबणं बेलुगापेक्षा कमी.

आता या वर्षांना व्याज लावा. १० टक्के दराने आज घातलेले १०० रुपये (किंवा कुठलंही चलन) ८ वर्षांनी २१४ झाले पाहिजेत, १० वर्षांनी २५९ आणि १६ वर्षांनी ४५९. म्हणजे पहिल्या वर्षी बेलुगावर केलेला खर्च सायबेरियनवर केलेल्या तेवढ्याच खर्चाच्या दुपटीहून जास्त होऊन तुमच्यासमोर उभा राहतो. खर्च काही एका दिवशी होत नाही, वर्षानुवर्षं झिरपत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमी असतो. पण दिशा हीच. बेलुगाचं कॅव्हिअर महाग का, याची उत्तरं चवीत शोधणारे पुष्कळ आहेत. मला त्यातला मोठा भाग व्याजाचा वाटतो.

नवख्याने सायबेरियनपासून सुरुवात करावी, हे माझं मत. बंदिस्त पाण्यात तो बऱ्यापैकी तग धरतो, चारा घ्यायला पटकन शिकतो, आणि चूक झाली तर ती आठव्या वर्षी कळते, सोळाव्या नाही.

पायरी २: १००० बोटुकल्या कागदावर वाढवून बघा

ही पायरी घाईत उरकू नका. खालचे आकडे माझी गृहीतकं आहेत. तुमच्या मत्स्यबीज पुरवठादाराशी आणि तज्ज्ञाशी बोलून ते बदला, पण रांगा याच ठेवा.

सायबेरियन स्टर्जनच्या १००० बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडल्या. तीन वर्षांत २०० गेल्या असं धरू. उरले ८०० मासे, सरासरी ३ किलोचे. त्यातले अंदाजे निम्मे नर. नर तिथेच मांसासाठी विकले. ४०० माद्या पुढे नेल्या, त्यातल्या ३४० गाभोळीपर्यंत पोचल्या आणि त्यांचं सरासरी वजन ७ किलो भरलं.

खाद्य: पहिल्या तीन वर्षांत ८०० माशांनी मिळून २४०० किलो वजन केलं. एका किलो वाढीला १.८ किलो खाद्य धरलं तर ४३२० किलो. मधे मेलेल्यांनी खाल्लेलं ३०० किलो. पुढे ३४० माद्यांनी प्रत्येकी ४ किलो वाढवले. मोठ्या वयात खाद्य अंगी कमी लागतं, म्हणून २.५ चं प्रमाण धरलं तर ३४०० किलो. एकूण सुमारे ८ टन.

उत्पन्न: ३४० माद्या, प्रत्येकी ७०० ग्रॅम, म्हणजे २३८ किलो कॅव्हिअर.

एक किलो कॅव्हिअरमागे साधारण ३४ किलो खाद्य लागलं. तेही मासळीच्या भुकटीचं, भरपूर प्रथिनांचं, महागडं खाद्य. त्यातला काही खर्च मांसातून परत येतो: १२०० किलो नर, आणि गाभोळी काढून साफ केलेल्या माद्यांचा पावणेदोन टनांच्या आसपास माल. मांस हा जोडधंदा समजून वहीच्या तळाशी लिहू नका. चांगला ग्राहक मिळाला तर मधल्या वर्षांत पगार यातूनच निघतात.

आता याच तक्त्यात एकच आकडा हलवून बघा. १० टक्क्यांऐवजी ८ टक्के गाभोळी आली तर २३८ चे १९० किलो होतात, १२ टक्के आली तर २८६. खाद्य तेवढंच, वीज तेवढीच, वर्षं तेवढीच. तुमचा सगळा नफा बहुधा या ९५ किलोंच्या पट्ट्यात कुठेतरी बसलेला असतो. म्हणून बोटुकली विकत घेताना दोन पैसे वाचवणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा काटकसरीचा प्रकार आहे. बीज कुठल्या माद्यांचं, त्या माद्यांनी किती टक्के गाभोळी दिली, कितव्या वर्षी दिली, हे विचारा. उत्तर वहीतून वाचून दाखवणारा पुरवठादार निवडा. तोंडी सांगणारा नको.

आणि मजुरी. मासे शनिवार-रविवार बघत नाहीत. रात्रंदिवस लक्ष ठेवायचं तर पाळ्या लावून किमान तीन माणसं लागतात. वरच्या एका तुकडीसाठी तीन माणसं आठ वर्षं ठेवली तर २४ मनुष्यवर्षं झाली, भागिले २३८ किलो. एका माणसाच्या अख्ख्या वर्षाच्या श्रमाचं फळ १० किलो कॅव्हिअर. हे कुठल्याही देशात परवडणार नाही. पण दरवर्षी १००० बोटुकल्या सोडत गेलात, तर आठव्या वर्षापासून दरसाल २३८ किलो निघतात आणि समजा पाच माणसांत काम भागतं. मग माणशी वर्षाला ४७-४८ किलो. धंदा असलाच तर तो इथून पुढे आहे. एकच तुकडी वाढवून ‘बघू तर खरं’ म्हणणाऱ्याला ही मत्स्यशेती कधीच नफ्यात दिसत नाही. फक्त आधीच दुसरे मासे पाळणारा, ज्याचा रखवालदार, वीजजोडणी आणि पाणी आहेच, तो एका तुकडीने सुरुवात करू शकतो.

पायरी ३: पाणी, वीज आणि हिवाळा

तीन प्रकार: वाहत्या पाण्याच्या टाक्या, तलावातले किंवा धरणातले पिंजरे, आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरणारी बंदिस्त यंत्रणा, जिला सगळे आरएएस म्हणतात. चीनच्या झच्यांग प्रांतात छ्यानदाओ नावाचा मोठा जलाशय आहे. एका नदीवर धरण बांधून तो तयार झाला, आणि जगातल्या बड्या कॅव्हिअर उत्पादकांपैकी एक तिथे पिंजऱ्यांत मासे वाढवतो. खोल, स्वच्छ पाणी फुकट मिळतं तिथे किलोमागचा खर्च असा काही खाली येतो की बंदिस्त यंत्रणेवाल्याने त्याच्याशी घाऊक भावात स्पर्धा करायची स्वप्नं बघू नयेत.

बंदिस्त यंत्रणेचा विजेचा हिशेब असा. वरच्या तुकडीसाठी पंप, ब्लोअर, गाळणी, थंड करायचं यंत्र मिळून सरासरी ३ किलोवॅट भार अखंड धरा. वर्षाला २६,२८० युनिट, आठ वर्षांत २ लाख १० हजारांवर. किलोमागे सुमारे ८८० युनिट. तुमच्याकडचा विजेचा दर लावा आणि येणारा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

स्टर्जन तळाशी राहणारा मासा आहे, म्हणून टाकी किती खोल आहे यापेक्षा तळाचं क्षेत्रफळ किती हे बघायचं. चौरस मीटरला ४० किलो धरले तर ३४० मोठ्या माद्यांनाच ६० चौरस मीटर तळ लागतो. कोटेशनमध्ये घनमीटर लिहिलेले असतील तर विक्रेत्याला पुन्हा बसवून घ्या.

वाढीसाठी १८ ते २२ अंशांचं पाणी चांगलं. बारा महिने तेच तापमान ठेवलं की मासा लवकर वाढतो, आणि इथेच नवखे फसतात. गाभोळी नीट पिकायला मादीला थंडीचा काळ लागतो, १० अंशांच्या खाली काही आठवडे ते महिने. हिवाळा न मिळालेली मादी वजनाने भरते, आत चरबी धरते आणि दाणा काही तयार होत नाही. उष्ण हवेच्या प्रदेशात पाणी थंड करायचा खर्च म्हणूनच चैनीत धरता येत नाही, तो उत्पादन खर्चच.

आता विजेचंच, पण वेगळं. एका फार्मवर मी हिशेबासाठी गेलो होतो. तिथे जनरेटर होता, टाकीत डिझेल होतं, देखभालीच्या रजिस्टरवर दर महिन्याला सही होती. रात्री वीज गेली, रखवालदाराने बटण दाबलं आणि जनरेटर खोकलासुद्धा नाही. चालू करायची बॅटरी उतरलेली होती. सही करणाऱ्याने दर महिन्याला डिझेलची पातळी बघितली होती, इंजिन फिरवून बघितलं नव्हतं. गच्च भरलेल्या टाकीत प्राणवायू संपायला अर्धा-पाऊण तास पुष्कळ होतो. उजाडलं तेव्हा पाच वर्षं वाढवलेल्या माद्या पोट वर करून तरंगत होत्या. त्यांचं वजन मी तीन किलोच्या नरांसारखं मांसाच्या भावाने लिहिलं, कारण दुसरा भाव लागू होत नव्हता. तेव्हापासून मी प्रकल्प अहवालात दोन गोष्टी शोधतो: वीज गेली की आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हचे प्राणवायूचे सिलिंडर, आणि जिवंत साठ्याचा विमा. विमा कंपनी हप्ता किती मागते, यावरूनही तुमचा प्रकल्प बाहेरच्याला कसा दिसतो ते कळतं.

पायरी ४: नर कधी काढायचे

बाहेरून बघून स्टर्जनचा नर-मादी भेद कळत नाही. आकार तोच, रंग तोच. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या आसपास सोनोग्राफी करतात. मासा ओल्या कापडाच्या झोळीत किंवा अरुंद कुंडात उलटा ठेवतात, कल्ल्यांवरून पाणी खेळतं ठेवतात आणि पोटाच्या बाजूने सोनोग्राफीचा प्रोब फिरवतात. पडद्यावर नराची ग्रंथी गुळगुळीत कडांची दिसते, मादीची खडबडीत, ढगाळ. सवयीचा माणूस मिनिटभरात दोन-तीन मासे बघून सोडतो. नवा माणूस प्रत्येक माशावर अडतो आणि मासा तोवर थकतो. पहिल्या वर्षी हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, त्याच्या शेजारी उभं राहून शिका.

इथे पैसा कसा वाचतो? वरच्या तक्त्यात ४०० नरांनी तीन वर्षांत २१६० किलो खाद्य खाल्लं. मांसाचा भाव खाद्याचा, जागेचा आणि विजेचा खर्च भरून काढत असेल तर नर तीन वर्षं ठेवण्यात नुकसान नाही. नसेल तर प्रत्येक नर म्हणजे फुकट जेवणारा पाहुणा. २०२१ मध्ये संशोधकांनी मादीच्या जनुकांतली एक खूण प्रसिद्ध केली, जी स्टर्जनच्या अनेक जातींत चालते. पराचा छोटा तुकडा घेऊन बोटुकलीच्या वयातच लिंग ओळखता येतं. चाचणीचा खर्च एका माशामागे किती आणि तीन वर्षांचं खाद्य व जागा किती, ही तुलना सोपी आहे. मांसाला गिऱ्हाईक नसलेल्या ठिकाणी चाचणी बहुतेक वेळा जिंकते.

माद्याही सगळ्या एका वर्षी येत नाहीत. एकाच तुकडीतली पहिली मादी सहाव्या वर्षी तयार, शेवटची दहाव्या. म्हणून दरवर्षी थंडीच्या आधी-नंतर प्रत्येक मादी पुन्हा तपासावी लागते, आणि अंगात चिप बसवून तिची नोंद ठेवावी लागते. तयार झालेली मादी वेळेत काढली नाही तर गाभोळी पुन्हा शरीरात शोषली जाते. मग पुढच्या खेपेला दीड-दोन वर्षं थांबा, तोवर खाद्य चालू. चिप आणि वही यांच्यावर होणारा खर्च या धंद्यात सगळ्यात लवकर वसूल होतो.

पायरी ५: गाभोळीचा दिवस

आठ वर्षांची कमाई एका सकाळच्या तासाभरात ठरते, म्हणून जरा जवळून सांगतो.

आधीचे काही आठवडे मादी स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवलेली असते. बंदिस्त पाण्यातल्या जीवाणूंमुळे माशाला मातकट वास लागतो. त्यातला मुख्य गुन्हेगार जिओस्मिन, पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो त्यातलाच. अंगणात तो हवाहवासा वाटतो, डब्यात आला तर माल परत येतो. आदल्या काही दिवसांत पोटाला बारीक छेद देऊन चार-सहा दाणे काढतात, उकळून, गार करून ब्लेडने बरोबर मधून कापतात आणि भिंगाखाली बघतात की आतलं केंद्रक कडेकडे किती सरकलंय. फार पुढे सरकलेलं असेल तर दाण्याचं कवच सैल पडतं, मीठ लावताना चिखल होतो. अजून पुष्कळ मागे असेल तर दाणा लहान आणि चरबी जास्त. या दोन्हींच्या मधली खिडकी अरुंद असते.

मग मासा बेशुद्ध करून मारतात, पोट उघडून अंडाशयाचे दोन्ही पट्टे अखंड उचलतात. पातेल्यावर जाळी असते, दाण्यापेक्षा किंचित मोठ्या भोकांची. त्यावर पट्टा ठेवून तळहाताने अलगद फिरवायचा. दाणे खाली गळतात, पडदे आणि चरबी जाळीवर राहते. दाब जरा जास्त झाला की दाणे फुटतात आणि त्यांचा चिकट रस बाकीच्यांनाही खराब करतो. खाली पडलेले दाणे थंड पाण्यात दोन-तीनदा धुवायचे, निथळायचे, वजन करायचं. तराजूवरच्या त्या आकड्यावर मीठ ठरतं. कोडेक्सच्या मानकात १०० ग्रॅमला ३ ते ५ ग्रॅम मीठ आहे, आणि ‘मालोसोल’ म्हणजे कमी मिठाचा माल तीन-साडेतीनच्या आसपास ठेवतात. मीठ टाकून हाताने काही मिनिटं फिरवलं की दाणे आधी ओले होतात, मग आकसून टणक होतात आणि भांड्याच्या कडेला लागले की बारीक खडखड ऐकू येते. जाणकार त्या आवाजावर थांबतात. पुन्हा निथळून मोठ्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या पद्धतीचा १.८ किलोचा, झाकण दाबून हवा काढत भरायचं आणि रुंद रबराने बंद करायचं. साठवण शून्याखाली दोन-तीन अंशांवर. मिठामुळे तिथे तो गोठत नाही.

हे काम करणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर सुरुवातीला नोंदणी असलेल्या प्रक्रिया केंद्राकडे मासे नेऊन मजुरीवर करून घ्या. एक खराब हात लागला तर पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीत जातो आणि तो फरक प्रक्रियेच्या मजुरीच्या कितीतरी पट असतो. अन्नसुरक्षेच्या दृष्टीनेही हा माल नाजूक: शिजवलेला नाही, मीठ कमी, त्यामुळे खोलीची स्वच्छता आणि थंडी यांत सवलत नाही. काही ठिकाणी टिकवण्यासाठी बोरॅक्स घालायला परवानगी आहे, जसं युरोपीय संघात. अमेरिकेत नाही. ग्राहक कुठला हे माहीत नसताना मीठ लावायला बसू नका.

मासा न मारता अंडी काढायच्याही पद्धती आहेत. मादीला अंडी सुटण्यापर्यंत नेऊन, पोट चोळून काढायची आणि ती मऊ झालेली अंडी प्रक्रियेने टणक करायची. मादी पुन्हा वापरता येते. कागदावर हे फार मोहक दिसतं. पण दाण्याचा पोत वेगळा येतो आणि ग्राहकाला तो वेगळा माल म्हणून समजवावा लागतो. पहिल्या प्रकल्पात मी याच्या वाटेला जाणार नाही.

पायरी ६: कागद

१ एप्रिल १९९८ पासून स्टर्जन आणि पॅडलफिशच्या सगळ्या जाती साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. त्यामुळे पाळलेल्या माशाचं कॅव्हिअरही देशाबाहेर न्यायचं तर परवाना लागतो, आणि प्रत्येक डब्यावर एकदाच वापरता येणारी चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवर क्रमाने जातीचा तीन अक्षरी संकेत (सायबेरियनसाठी बीएई, बेलुगासाठी एचयूएस), मासा रानातला की पाळलेला, देश, काढणीचं वर्ष, प्रक्रिया केंद्राचा नोंदणी क्रमांक आणि खेप. प्रवाशाला स्वतःपुरते १२५ ग्रॅम नेता येतात, त्यापलीकडे हाच मार्ग.

या सगळ्याची मुळं बोटुकल्यांच्या पावतीत आहेत. पालक मासे कायदेशीर होते हे आठ वर्षांनी सिद्ध करायचं असेल तर ते कागद आज घ्यावे लागतात. परक्या जातीचा मासा आणायची परवानगी तुमच्या देशात वेगळ्या खात्याकडे असू शकते. पुरात टाकी फुटून तो नदीत जाऊ नये, याची हमीही मागतात. बेलुगाच्या बाबतीत आणखी एक: २००५ पासून अमेरिकेने त्याच्या कॅव्हिअरची आयात बंद केलेली आहे. सोळा वर्षं थांबून मोठी बाजारपेठ बंद मिळणं हा विनोद महागात पडतो.

पायरी ७: विकणार कुणाला

सर्ज दोरोशोव्ह हे मत्स्यशास्त्रज्ञ सोव्हिएत संघातून अमेरिकेला आले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथे १९८० च्या सुमारास पांढऱ्या स्टर्जनचं बीज कृत्रिमरीत्या काढायचं तंत्र त्यांच्या चमूने बसवलं. तिथल्या फार्मांचं कॅव्हिअर बाजारात यायला १९९० चं दशक उजाडलं. तेव्हा कॅस्पियन समुद्रातला रानमाल आटत चालला होता आणि पाळलेल्या मालाला दुर्मीळ मालाचा भाव मिळत होता. आज बाजारातलं जवळजवळ सगळं कायदेशीर कॅव्हिअर पाळलेल्या माशांचं आहे, चीन सगळ्यात मोठा उत्पादक आहे, आणि घाऊक भाव त्या काळाच्या मानाने बरेच खाली आले आहेत. मासे लवकर वाढत नाहीत, त्यामुळे भाव चढले तेव्हा ज्यांनी ज्यांनी बोटुकल्या सोडल्या त्या सगळ्यांचा माल सात-आठ वर्षांनी एकदम येतो. तुमचाही त्याच लाटेत येईल.

म्हणून तक्त्यात घाऊक भाव धरा, किलोच्या डब्यांचा. किरकोळ विक्री करायची तर करा, पण तो दुसरा धंदा आहे हे ओळखून: छोट्या डब्या, शीतसाखळी, परत येणारा माल, चव दाखवण्यात जाणारा माल, हॉटेलांची उधारी. जवळच्या पंधरा-वीस स्वयंपाक्यांना ताजा, कमी मिठाचा माल दर आठवड्याला देऊ शकणाऱ्या छोट्या फार्मला मोठ्या उत्पादकासमोर उभं राहायला तेवढी एक जागा आहे. दाण्याचा रंग जितका फिका तितका भाव जास्त, ही जुनी समजूत अजून चालते. चवीशी तिचा फारसा संबंध नाही, पण ग्राहक मागतो तर डबे रंगाने वेगळे लावायला काही जात नाही.

पायरी ८: पहिल्या डब्यापर्यंत तगायचं कसं

खेळतं भांडवल आठ वर्षांचं लागतं, हे वाक्य बँकेत उच्चारलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. मुद्दलाची फेड तिसऱ्या वर्षी सुरू होणारं कर्ज या धंद्यात घेऊ नये. ते फेडायला शेवटी अर्ध्या वाढलेल्या माद्या मांसाच्या भावात विकाव्या लागतात, आणि हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

त्यातल्या त्यात वाटा अशा. चार-पाच वर्षांच्या, सोनोग्राफी झालेल्या माद्या दुसऱ्या फार्मकडून विकत घ्यायच्या. महाग पडतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माल हातात येतो आणि प्रक्रिया, कागद, ग्राहक या तिन्हींची तालीम होते. सोबत आपल्या बोटुकल्या मागून येत राहतात. आणताना रोग येत नाहीत ना हे बघायला वेगळी टाकी आणि काही आठवडे लागतात, ते टाळू नका. विषाणू एकदा बंदिस्त यंत्रणेत शिरला की बाहेर काढणं मुश्कील. दुसरी वाट, पहिली तीन-चार वर्षं मांसासाठी स्टर्जन विकायचा आणि त्यातून ज्या माद्या निघतील त्याच पुढे न्यायच्या. तिसरी, दुसऱ्यांच्या माद्या ठरावीक दराने आपल्या थंड पाण्यात ठेवायच्या. पाणी चांगलं असेल आणि पैसा कमी, तर ही वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

सगळे आकडे भरून झाले की तक्त्याच्या दोन प्रती काढा. एकीत विक्रीचा भाव ४० टक्क्यांनी खाली ओढा. दुसरीत पहिली काढणी दोन वर्षं पुढे ढकला, म्हणजे खाद्य, वीज, पगार, व्याज सगळं दोन वर्षं जास्त. दोन्हींत तुम्ही दिवाळखोर होत नसाल, तर बीज पुरवठादाराला फोन करा आणि बोटुकलीचा भाव विचारायच्या आधी पालक माद्यांची वही मागा.